अभिलेखाचा पत्ता आणि बॅकअपचा प्रश्न : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात

अभिलेख नष्ट होणे आणि अभिलेख न सापडणे या दोन घटनांत इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. दुसऱ्या प्रकारात कागद शाबूत असतो. हरवतो तो त्याच्यापर्यंत नेणारा पत्ता. संगणकीय माहितीसंचाचा बॅकअप 'पाथ'च्या म्हणजे फाईलच्या मार्गाच्या चुकीमुळे अयशस्वी होतो, तेव्हा हाच जुना दोष नव्या रूपात प्रकट होतो. प्रस्तुत लेखात या दोषाचा अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर, १८१८ मध्ये, इंग्रजी अमलातील अहमदनगर जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा विस्तार आजच्याहून बराच मोठा होता. १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे सिन्नर परिसरातील एखाद्या गावाचा १८५० च्या सुमाराचा महसुली व्यवहार नाशिकच्या नावाखाली शोधणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परततो आणि कागद नाहीच, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. पेशवे दफ्तरातही कागद सापडतो तो रुमालाच्या क्रमांकावरून. रुमाल बदलला आणि नोंद तशीच राहिली, तर मोडी कितीही उत्तम वाचता आली तरी उपयोग नाही.

संगणकीय बॅकअपची गत याहून निराळी नाही. आज्ञा देणारा कर्मचारी आपल्या मेजावरील संगणकासमोर असतो, परंतु मार्ग वाचतो तो सर्व्हर. 'डी' ड्राइव्हवरील फोल्डर कर्मचाऱ्याला डोळ्यांसमोर दिसत असला, तरी सर्व्हरवर तो नसेल तर बॅकअप होत नाही. एसक्यूएल सर्व्हर अशा वेळी 'ऑपरेटिंग सिस्टीम एरर ३' म्हणजे मार्ग सापडत नाही, असे कळवतो. एरर ५ आल्यास मार्ग बहुधा बरोबर असतो, परवानगी नसते. या दोहोंची गल्लत झाली की दिवस वाया जातो. कर्मचाऱ्याच्या लॉगिनने जोडलेला 'झेड' ड्राइव्ह रात्री वेगळ्या खात्यावर चालणाऱ्या सेवेला दिसत नाही. तेथे नेटवर्कचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो आणि त्या सेवेच्या खात्याला तेथे लिहिण्याची परवानगी असावी लागते. म्हणून दुरुस्तीचा आरंभ एरर लॉग वाचण्यापासून व्हावा. व्यवहारात मात्र तो बहुधा सर्व्हर बंद-चालू करण्यापासून होतो!

बॅकअप पूर्ण झाला म्हणजे काम संपले, असेही नाही. मूळ फाईल कोठे होत्या, तो मार्ग बॅकअपमध्येच नोंदलेला असतो. नव्या यंत्रावर तो ड्राइव्ह नसल्यास निर्दोष प्रतही पुनःस्थापित होत नाही; 'मूव्ह' हा पर्याय वापरून नवे ठिकाण सांगावे लागते. १८६९ पूर्वीच्या सिन्नरच्या कागदाला आजचा जिल्हा सांगावा लागतो, तसेच हे आहे. दुसऱ्या यंत्रावर प्रत उतरवून पाहिल्याखेरीज ती विश्वसनीय मानता येत नाही.

२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. ज्या कार्यालयात वा महाविद्यालयात फोल्डरला जिल्ह्याचे नाव दिलेले आहे, तेथे ते बदलले आणि रात्रीच्या कामातील मार्ग जुनाच राहिला, तर बॅकअप थांबतो. हे एका अर्थी बरे, कारण चूक निदान लॉगमध्ये उमटते. अधिक घातक प्रकार निराळा आहे. नसलेला फोल्डर आपणहून तयार करणारी स्क्रिप्ट असल्यास संपूर्ण बॅकअप अहमदनगर या फोल्डरात आणि त्यानंतरचे ट्रान्झॅक्शन लॉग अहिल्यानगरमध्ये, अशी विभागणी निमूटपणे होते. लॉग क्रमाने लावल्याशिवाय माहिती पूर्ववत होत नाही. त्यामुळे कोणी जुना फोल्डर निरुपयोगी समजून पुसला, तर नव्यातील लॉगही व्यर्थ ठरतात. विद्यार्थ्यांच्या गुणनोंदी असोत वा ग्रंथालयाची सूची, हानी सारखीच.

२०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५२२ होता. फोल्डरला असा अंक दिल्यास नाव बदलले तरी मार्ग मोडत नाही. वर्णनसूचीत मात्र दोन्ही नावे हवीत, आणि १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील निराळे इंग्रजी वर्णलेखनही हवे.