इंदापूरची प्रतबंदी

प्राप्तीकराच्या चढत्या पायऱ्या व त्यांतील किमान सूट हा विषय अलीकडचा समजला जातो. परंतु पायऱ्यांनीं कर बसविण्याचा एक मोठा प्रयोग पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत १८३६ सालींच झाला. तो माणसाच्या मिळकतीवर नसून जमिनीच्या कसावर होता. या भेदाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

कंपनी सरकारच्या अमलांत प्रिंगल साहेबांनीं लागवडीचा खर्च वजा जातां उरणाऱ्या उत्पन्नाचे शेंकडा ५५ हा सरकारचा वांटा ठरविला. तत्त्व निर्दोष दिसे. पण मोजणी व हिशेब सदोष निघाले. सारा असह्य होऊन जमिनी पडीत पडल्या व कुळें गांव सोडून गेलीं. तेव्हां गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं सारा उतरविला, जमिनीच्या नऊ प्रती पाडल्या व दर ३० वर्षें कायम केले.

१८४७ च्या संयुक्त अहवालानें या पद्धतीस नियमबद्ध रूप दिलें. पहिली प्रत १६ आण्यांची. पुढील अनुक्रमें १४, १२, १०, ८, ६, ४॥, ३ व २ आण्यांच्या. मातीचा पोत व खोली पाहून प्रत ठरे. चुनखडी, वाळू, उतार असा एकेक दोष आढळल्यास ती एकेक पायरी खालीं येई.

येथवर न्याय दिसतो. पण समजा, ८ आण्यांच्या प्रतीची ४० एकर जमीन एकाची व ५ एकर दुसऱ्याची आहे. एकरीं दर दोघांस सारखाच. दुसऱ्याच्या पोटापुरतें धान्य वगळावें, अशी तरतूद या कोष्टकांत नव्हती. उलट १८६० च्या प्राप्तीकरानें वर्षाच्या २०० रुपयांच्या आंतील प्राप्ती सोडली, ५०० पर्यंत शेंकडा २ व त्यापुढें ४ घेतले.

मुदत संपतांच १८६७ मध्यें इंदापुरास फेरपाहणी होऊन सारा वाढला. वाढीस तालुक्यापुरती शेंकडा ३३, गांवापुरती ६६ व एका खातेदारापुरती १०० अशी मर्यादा सरकारनें १८७४ मध्यें घातली. पुढच्याच वर्षीं, १२ मे १८७५ रोजीं, सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला. हें गांव तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें. आज तें बारामतींत आहे. दंग्याचें कारण एकटा सारा नव्हे. तरी त्याच्या चर्चेंत वाढीव आकारणीचा प्रश्न निघालाच.

विंगेट यांनीं रयतेस निश्चितता दिली, हें त्यांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांची पायरी मातीची खोली मोजी. रयतेचें पोट मोजीत नसे. कोणत्याही कराची पारख करतांना पायऱ्या किती आहेत याआधीं, पहिली पायरी कोठून सुरू होते, हें पाहावें, इतकाच बोध इंदापूरच्या दप्तरांतून घ्यावयाचा.