लिनक्स कोण टाकून देतं?

माझा लॅपटॉप 2016 सालचा. पडदा शाबूत, कीबोर्डवरची दोन अक्षरं पुसलेली, बाकी तब्येत ठीक. त्यावर विंडोज 10 होतं. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि ती अट माझं यंत्र पूर्ण करेना. दुकानदार म्हणाला, "सर, नवीन घ्या. यात आता काही राम नाही."

चालतं यंत्र भंगारात काढायचं मन होईना. एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. रविवारी जोहरच्या नमाजनंतर तो पेनड्राइव्ह घेऊन घरी आला. मला वाटलं, लॅपटॉप ओढून घेईल, खटाखट बटणं दाबेल आणि चहा पिऊन जाईल. आपल्याकडे 'फॉरमॅट मारून देणारे' असंच करतात. याने मात्र खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "सर, तुम्हीच दाबा. मी सांगतो." अडीच तास गेले. त्याने स्वतः केलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं.

नंतर मी लिनक्सच्या इतिहासाबद्दल जमेल तेवढं वाचलं, आणि लक्षात आलं की हे शेजारी बसणं त्या पोराच्या मनातून आलेलं नव्हतं. ती एक जुनी परंपरा आहे. लिनक्सचा इतिहास सांगताना आपण ते लिहिणाऱ्यांची नावं घेतो. पण एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात, एका गावातून दुसऱ्या गावात ते नेलं शेजारी बसणाऱ्यांनी.

लिहिणाऱ्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत एमआयटीमध्ये काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. कोणीही वापरावी, आतून वाचावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी अशी संगणक प्रणाली त्यांना हवी होती. 25 ऑगस्ट 1991 रोजी फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली लिहितो आहोत, असं जगाला कळवलं. तो प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल होता. 1992 मध्ये त्याने तो ग्नूच्याच परवान्याखाली खुला केला. गाभा आणि भोवतालचं सगळं सामान एकत्र बांधून देणाऱ्या गठड्यांना 'डिस्ट्रो' म्हणतात. त्यांतल्या स्लॅकवेअर आणि डेबियन या 1993 सालापासून आजवर चालू आहेत.

प्रणाली फुकट होती, पण ती यंत्रावर चढवणं हे दिव्य होतं. पहिलं स्लॅकवेअर 24 फ्लॉपींवर मावायचं. एक फ्लॉपी खराब निघाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हार्ड डिस्कचे भाग पाडताना एक आकडा चुकला तर घरातला सगळा हिशेब, सगळी पत्रं गेली. पडद्याचे आकडे चुकीचे भरले तर मॉनिटर जळू शकतो, अशी ताकीद त्या काळच्या माहितीपत्रकांत असायची. अशा कामाला एकट्याने बसायची छाती कोणाची होणार?

म्हणून गावोगावी वापरणाऱ्यांचे गट तयार झाले आणि त्यातून 'इन्स्टॉलफेस्ट' आले. सुट्टीच्या दिवशी एखाद्या कॉलेजचा वर्ग नाहीतर कचेरीतली खोली मिळवायची. नवख्याने आपला संगणक डबा-मॉनिटरसकट उचलून आणायचा, जाणकाराने शेजारी बसायचं. फी नाही, पावती नाही. 1997 साली 'इन्फोवर्ल्ड' या अमेरिकन साप्ताहिकाने सर्वोत्तम तांत्रिक मदतीचा वार्षिक पुरस्कार जाहीर केला. तो कोणत्याच कंपनीला मिळाला नाही, लिनक्स वापरणाऱ्यांच्या समुदायाला मिळाला. पगारी मदतनीस ठेवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या मागे राहिल्या आणि बिनपगारी लोक पुढे गेले.

पण या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. जाणकारांमध्ये तुसडेपणा होता. नवख्याने साधा प्रश्न विचारला की 'आधी माहितीपुस्तिका वाच' असं, आणि तेही शिवी घालून, उत्तर मिळायचं. शिक्षक म्हणून हे वाचताना मला कानकोंडं झालं. 'एवढंही येत नाही?' हे वाक्य मीही वर्गात उच्चारलेलं आहे. त्यानंतर ते मूल वर्षभर हात वर करत नाही.

याला उत्तर आतूनच आलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेब रिचर्डसन या बाईंनी 'लिनक्सचिक्स' हा स्त्रियांचा गट सुरू केला. त्याचे मुख्य नियम दोनच होते: सभ्य राहा आणि मदत करा. 2004 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने उबुंटू आलं. उबुंटू हा आफ्रिकी भाषांतला शब्द. माणसाचं माणूसपण दुसऱ्या माणसांमुळे असतं, असा त्याचा आशय. या प्रकल्पाने सुरुवातीपासून वागणुकीची लेखी संहिता ठेवली. 2011 पर्यंत मागेल त्याला उबुंटूची सीडी टपालाने फुकट घरी यायची. भारतातल्याही कित्येक पोरांनी ती मागवली. सीडी मशीनमध्ये घालून, हार्ड डिस्कला हात न लावता, आधी चालवून बघता यायचं. ही सोय जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या 'क्नॉपिक्स'ने 2000 सालापासून लोकप्रिय केली होती. बिघडण्याची भीती गेली की शिकण्याची अर्धी अडचण संपते.

आपल्याकडे 1996 पासून 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळू लागली. इंटरनेट मिनिटावर मोजून मिळायचं, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. त्या कामामागे बंगळूरचे अतुल चिटणीस होते. पुढे 2001 पासून त्यांनी बंगळूरला लिनक्सची मोठी परिषद भरवली. मुंबई-पुण्यात वापरणाऱ्यांचे गट उभे राहिले. लॅटिन अमेरिकेत तर 2005 पासून दरवर्षी, बहुधा एप्रिलमध्ये, अनेक देशांत, शेकडो गावांत इन्स्टॉलफेस्ट भरतं.

लॅपटॉप आल्यावर मदतीचं काम आणखी नाजूक झालं. टेबलावरच्या संगणकाचा एखादा भाग चालत नसेल तर बदलता येतो, लॅपटॉपचा सहसा येत नाही. वायफायची चिप ज्या कंपनीची, तिने आतली माहिती दिली नाही तर लिनक्स तिच्याशी बोलणार कसं? काही चिपांना कंपनीचंच बंद सॉफ्टवेअर लागतं. स्टॉलमन यांनी या पेचावर एक लेख लिहिला आहे. नवखा माणूस आशेने लॅपटॉप घेऊन आला, वायफाय चालत नाही. बंद सॉफ्टवेअर टाकून दिलं तर तत्त्व मोडतं, नाही टाकलं तर माणूस निराश होऊन जातो. त्यांची सूचना गमतीची आहे. इन्स्टॉलफेस्टच्या एका कोपऱ्यात किंवा शेजारच्या खोलीत, गळ्यात 'सैतान' अशी पाटी घातलेला माणूस बसवावा. ज्याला तसलं सॉफ्टवेअर हवं, त्याने त्याच्याकडून टाकून घ्यावं. हेतू असा की आपण काय सौदा करतो आहोत, हे माणसाला कळलं पाहिजे. तत्त्वाबाबत काटेकोर असलेल्या डेबियननेही 2022 मध्ये मतदान घेऊन असं फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायला मान्यता दिली.

हे वाचून मी हसलो, कारण माझ्याही लॅपटॉपचं वायफाय अडलं होतं. माझ्या विद्यार्थ्याने पाटी घातली नव्हती, पण सांगितलं मात्र होतं: "सर, हा एवढा तुकडा कंपनीचा आहे. आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. टाकू का?" विचारून टाकला, एवढंच. पण तेवढ्यावरून मदत आणि उपकार यांतला फरक कळतो.

आता आपल्या घरची गोष्ट. उर्दूच्या शिक्षकाला लिनक्सकडे वळताना एक खरी अडचण असते, ती लिपीची. नस्तालीक लिपी डोलत, उतरत चालते. अक्षर कुठे बसेल हे त्याच्या शेजाऱ्यांवर ठरतं. 1981 साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहून 'नूरी नस्तालीक' तयार केली, तेव्हा कुठे उर्दू कातिबाच्या बोरूतून यंत्रात उतरली. 1994 पासून 'इनपेज' आलं आणि उर्दूची वर्तमानपत्रं, पुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका त्यावर निघू लागल्या. पण ते विंडोजवर चालणारं, आणि त्याच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. शिवाय आपल्यापैकी कितीजणांकडे त्याची विकत घेतलेली प्रत होती, हे ज्याने त्याने मनाला विचारावं. मराठीचंही काही वेगळं नव्हतं. जुन्या फॉन्टांतली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा काला व्हायचा.

त्या रविवारी लिनक्स सुरू झाल्यावर मी आधी मराठी टाइप केलं, मग उर्दू. 2014 साली आलेला 'नोटो नस्तालीक उर्दू' फॉन्ट टाकला आणि 'उस्ताद' हा शब्द पडद्यावर नीट उतरला. अक्षरं जोडून दाखवण्याचं हे काम पडद्यामागे 'हार्फबझ' नावाचं खुलं सॉफ्टवेअर करतं. ते वाढवण्यात इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांचा मोठा वाटा आहे. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. आणि माझ्या मराठीतलं 'ज्ञ' जोडणारं सॉफ्टवेअरही तेच! वीस वर्षं मी या दोन भाषा शेजारीशेजारी शिकवतो आहे. त्या एकाच धाग्याने विणल्या जातात, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्थात सगळं सुटलं नाही. इनपेजमधल्या माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका अजून तशाच पडून आहेत, त्या हळूहळू पुन्हा टाइप करतो आहे. शाळेचा प्रिंटर जुळवायला आणखी एक रविवार गेला. कोणी 'लिनक्समध्ये काही अडचणच नाही' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. अडचण येणारच. प्रश्न एवढाच की त्या वेळी शेजारी कोण आहे.

शाळांपुरतं बोलायचं तर केरळने हे ओळखलं. तिथे 2001 मध्ये 'आयटी ॲट स्कूल' योजना आली आणि पुढे सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या. त्यांनी बाहेरचा तंत्रज्ञ बोलावण्यावर भागवलं नाही. शिक्षकांनाच तयार केलं, त्या शिक्षकांनी इतरांना शिकवलं. आपल्या उर्दू शाळांच्या संगणक खोल्यांना बहुधा कुलूप असतं. 'पोरं बिघडवतील' हे कारण. ज्याला हातच लावू दिला नाही, तो शिकणार कधी?

ज्यांना आपल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून हवं आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या फायलींची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी. टाकण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा तपासावा. आणि मदत मागताना 'चालत नाही' एवढंच न सांगता लॅपटॉपचं मॉडेल आणि पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा सांगावा. मदत करणाऱ्यांसाठी मात्र एकच गोष्ट आहे, आणि ती जास्त अवघड आहे.

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका आपांनी त्यांचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "भाई, माझ्याच्याने होणार नाही. तुम्हीच करून द्या." त्या एकेक अक्षर शोधत होत्या आणि माझे हात शिवशिवत होते. मी ते टेबलाखाली घेतले आणि म्हणालो, "आपा, तुम्हीच दाबा. मी बसलोय इथे."