तेलाचा ताप

मोटारीच्या एंजिनातील तेल केवळ भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नव्हे. परंतु अपुरी आहे. पिस्टन, बेअरिंगे आणि व्हॉल्व्ह यांना न्हाऊ घालून परतणारे तेल त्यांची उष्णताही आपल्या अंगावर घेऊन येते. ज्या एंजिनाभोवती पाणी खेळते तेथे या ओझ्याचा मोठा वाटा पाणी उचलते. जेथे पाणीच नाही तेथे सारी भिस्त वारा आणि तेल या दोघांवर. तेल प्रमाणाबाहेर तापले की ते पातळ होते, त्याचा थर तुटतो आणि धातू धातूला भिडतो. म्हणून तेल निवविण्याची जी स्वतंत्र योजना करतात, तिलाच ऑइल कूलर म्हणतात. हा लहानसा भाग मोटारीत कोठे बसवावा, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास मात्र मोठा उद्बोधक आहे.

१९३० नंतरच्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी जर्मनीत जी लोकांची मोटार सिद्ध केली, त्या फोक्सवॅगनचे चार सिलिंडरांचे एंजिन मागे होते आणि ते पंख्याच्या वाऱ्याने निवत असे. तिचा ऑइल कूलर पंख्याच्या कवचातच, वाऱ्याच्या वाटेत उभा केलेला होता. योजना सुटसुटीत होती खरी. पण तेलाची उष्णता घेऊन तापलेला वारा पुढे जाई तो तिसऱ्या सिलिंडरवर. साहजिकच तो सिलिंडर इतरांहून अधिक तापे. पुष्कळ एंजिनांत त्याची ठिणगी किंचित उशिरा पडावी, अशी तजवीजही करण्यात आली. अखेर १९७१ च्या नमुन्यात कूलर बाजूला सरकवून त्याच्या वाऱ्याला वेगळी वाट दिली, तेव्हा कोठे हा प्रश्न सुटला. उष्णता नाहीशी होत नाही, ती केवळ जागा बदलते, हा धडा त्या साध्या गाडीने शिकविला.

याच परंपरेतून १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोर्शे ९११ ही स्पोर्ट्‌स कार अवतरली. एंजिन मागेच आणि वाऱ्यानेच निवणारे. परंतु सिलिंडर सहा आणि शक्ती १३० अश्वशक्तींची. तिचे तेल एंजिनाच्या तळाशी साचत नसे. पंप ते खेचून स्वतंत्र टाकीत नेई. वेगाने वळण घेताना तेल एका बाजूस जाऊन पंप कोरडा पडू नये, हा त्यातील हेतू. कूलर मात्र प्रथम एंजिनालाच चिकटविलेला होता. पुढे १९६९ च्या नमुन्यात ९११ एस या प्रकाराची शक्ती १७० अश्वशक्तींवर गेली, तेव्हा मागचा कूलर पुरेना. मग पुढच्या उजव्या मडगार्डच्या आत दुसरा कूलर बसविण्यात आला. एंजिन शेपटाकडे आणि त्याचे तेल निवावयास जाणार तोंडाकडे, असा हा लांबचा प्रवास सुरू झाला. शर्यतीच्या गाड्यांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. १९७३ साली सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही शर्यत जिंकणाऱ्या कॅरेरा आरएसआरमध्ये कूलर थेट नाकाच्या मधोमध होता.

या साऱ्याची खरी कसोटी लागली ती १९७४ नंतर. एंजिन २.७ लिटरचे झाले. पण त्याची क्रँककेस होती वजनाने हलक्या मॅग्नेशियमची. ही धातू उष्णतेने पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. त्यातच धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी कॅलिफोर्नियात १९७५ पासून या गाड्यांना थर्मल रिॲक्टर जोडावे लागले. हे रिॲक्टर धुराचे जळणे एंजिनालगतच पुरे करीत, आणि त्यांची धग एंजिनालाच लागे. परिणाम असा झाला की, सिलिंडर आवळून धरणाऱ्या स्टडांचे आटे क्रँककेसमधून उखडू लागले. सर्वच गाड्यांना पुढचा कूलर दिलेला नव्हता. ज्यांना तो नव्हता, अशा कित्येक गाड्यांच्या मालकांनी तो आपल्या खर्चाने बसवून घेतला. १९७८ च्या ९११ एससीमध्ये कारखान्याने क्रँककेस ॲल्युमिनियमची केली. तोवर जुन्या गाड्यांचा बचाव मालकांनाच करावयाचा होता.

हे काम वरवर पाहता सोपे, परंतु धीराचे आहे. प्रथम उजव्या बाजूस मागील चाकाजवळ थर्मोस्टॅट बसवावयाचा, तेथून दोन नळ्या दाराच्या उंबऱ्याखालून पुढे न्यावयाच्या, आणि पुढच्या चाकाच्याही पुढे, मडगार्डच्या पोकळीत कूलर टांगावयाचा. थर्मोस्टॅट वगळण्याचा मोह खर्चाच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. पण तो घातक ठरतो. तेल सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापेतो पुढची वाट बंद राहावी, हे त्याचे काम. तेल सदैव थंडच राहिले तर जळणातून आलेली वाफ उडून जात नाही आणि आत गाळ साचतो. थंड, घट्ट तेल बारीक नळ्यांतून रेटले तर कूलरही फाटू शकतो. म्हणजे अतिताप जसा वाईट, तसा अतिशीतपणाही वाईटच. जुन्या सांध्यांचे आटे गंजून असे घट्ट बसतात की, जोर केल्यास महागडा थर्मोस्टॅटच हातचा जातो; म्हणून जाणते मिस्त्री नळी कापून टाकतात आणि थर्मोस्टॅट वाचवितात. शेवटी वाढलेल्या मार्गाइतके तेल अधिक घालावे लागते, आणि त्याची पातळी एंजिन तापलेले व चालू असतानाच, गाडी सपाट जागी उभी करून पाहावी लागते. एखादा सांधा जरी ढिला राहिला, तरी तेल थेट चाकाखाली सांडते. मग धोका एंजिनापुरता राहत नाही, तो चालविणाऱ्याच्या जिवाशी येतो.

१९९७ साली फ्रँकफुर्टच्याच प्रदर्शनात पाण्याने निवणारी नवी ९११ लोकांसमोर आली, आणि १९९८ मध्ये वाऱ्याने निवणाऱ्या ९११ चे उत्पादन थांबले. तेलावर पडलेला जादा भार पाण्याने उचलला. तरीही जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या उजव्या मडगार्डमधील ती जाळी चाकाने उडविलेली धूळ खात आपले काम करीत आहे. ती वेळच्या वेळी स्वच्छ ठेवणे हे मालकाचे काम. कारण रचनाकाराने जेथे हात टेकले, तेथून पुढे गाडीचे आयुष्य सांभाळणाऱ्याच्याच हाती असते.