नवजात मेंदूतील क्रियाजाले

मेंदूतील एकमेकांपासून दूर असलेल्या भागांची क्रिया एकाच लयीत कमी-जास्त होत असेल, तर ते भाग मिळून एक क्रियाजाल बनते. माणूस नुसता पडून असतानाही डाव्या-उजव्या गोलार्धांतील हालचालींचे भाग असे जोडीने चालतात, हे भारत बिस्वाल यांनी 1995 मध्ये अमेरिकेत एमआरआयच्या साहाय्याने दाखवले.

जालांची वीण बाळ पोटात असतानाच सुरू होते. ती चालू असताना पाहायला मिळाली, ती मुख्यतः गर्भावस्थेचे 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांमुळे. 2020 मध्ये जगात अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे जन्मली. त्यांतली 30 लाखांच्या आसपास भारतातली.

गर्भावस्थेच्या चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास मेंदूचे बाह्यक जवळजवळ गुळगुळीत असते. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस या केंद्राकडून निघालेले तंतू बाह्यकाखालच्या ‘उपपट्टिका’ या थरात थबकतात आणि पुढच्या काही आठवड्यांत वर शिरतात. हा थर तात्पुरता असतो. काम झाले की बहुतांशी विरतो. या वयाच्या बाळाचा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत-क्रियेचा आलेख, बराच वेळ जवळपास सपाट असतो, मध्येच जोरदार उसळी येते, पुन्हा सामसूम. मोठ्या माणसाच्या आलेखात असे दिसले तर डॉक्टर धास्तावतील. इथे ते वयाला साजेसेच आहे. संथ लाटेवर जलद तरंग स्वार झालेल्या उसळीला ‘डेल्टा ब्रश’ म्हणतात. बाळाचा हात किंवा पाय आपसूक झटकला, की विरुद्ध बाजूच्या बाह्यकात त्याच अवयवाच्या जागी असा ब्रश उमटतो, असे 2007 मध्ये फ्रान्समधील संशोधकांना आढळले. पोटातल्या लाथा मेंदूला स्वतःच्या शरीराची ओळख करून देत असाव्यात, असे त्यावरून वाटते. दिवस भरत येतात तशी उसळ्यांमधली शांतता भरून येते.

क्रियाजाले टिपणाऱ्या एमआरआयसाठी बाळाला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, कान झाकून झोपवतात. त्यामुळे संशोधक जिला ‘विश्रांत अवस्था’ म्हणतात, ती इथे बहुधा सरळ झोपच असते. शिवाय हे यंत्र चेतापेशींची क्रिया थेट मोजत नाही, रक्तातल्या प्राणवायूवरून ताडते. नवजात बाळात रक्ताचा हा प्रतिसाद मोठ्यांपेक्षा संथ असतो.

स्वीडनमध्ये पीटर फ्रान्सन यांच्या गटाने 2007 मध्ये अपुऱ्या दिवसांची बाळे दिवस भरण्याच्या सुमारास तपासली. पाच जाले सापडली. मोठ्या माणसात स्वतःत रमताना जागे होणारे ‘डिफॉल्ट मोड’ जाल मात्र दिसले नाही. 2010 मध्ये लंडनच्या गटाने त्याच्याही खुणा दिवस भरेपर्यंत दिसतात असे मांडले. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी वाद बराच निवळला: पाहणे, ऐकणे, स्पर्श आणि हालचाल यांची जाले जन्मवेळी प्रौढांसारखी असतात, विचार आणि लक्ष यांची तुकड्यातुकड्यांत.

लवकर जन्मलेल्या बाळांत नियत तारखेच्या वेळी मोजले, तरी थॅलॅमस-बाह्यक जोडणी सरासरीने कमकुवत आढळते. या कमकुवतपणाला लवकर जन्म किती जबाबदार आणि संसर्ग, प्राणवायूचे चढउतार, काचेच्या पेटीतल्या मुक्कामात टोचलेल्या सुया किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. ही सरासरी गटाची असते. एका बाळाच्या चित्रावरून त्याचे पुढचे शिक्षण किंवा बोलणे सांगता येत नाही. म्हणून दवाखान्यात आजही भर असतो तो नियत तारखेपासून मोजलेल्या ‘सुधारित वया’वर आणि बाळ मान कधी धरते, नजर कधी लावते, या जुन्याच निरीक्षणांवर.