सहा जागांचा पेशा

हॉकी हा शब्द ऐकताच ग्वाल्हेर-झांशीकडील मनुष्याला ध्यानचंद आणि रूपसिंग हे दोघे बंधू आठवावेत हे स्वाभाविक होय. परंतु कॅनडात हाच शब्द उच्चारला तर कोणाच्याही डोळ्यांपुढे हिरवळ उभी राहत नाही. तेथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत लांब काठी, आणि चेंडूऐवजी कठीण रबराची काळी चकती : तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, वजनाने सुमारे सहा औंस. खेळापूर्वी ही चकती मुद्दाम गोठवून ठेवतात, म्हणजे ती उसळी न घेता बर्फावरून सरळ सरकते. पट्टीचा खेळाडू ती ताशी शंभर मैलांच्या जवळपास वेगाने मारू शकतो.

त्या चकतीच्या वाटेत उभे राहण्याबद्दल पगार घेणारा मनुष्य म्हणजे गोलरक्षक. त्याच्या पाठीशी सहा फूट रुंद व चार फूट उंच जाळे असते. इतर पाच खेळाडू थोड्या थोड्या वेळाने बाहेर जाऊन दम घेतात व त्यांच्या जागी ताजे गडी येतात. गोलरक्षक मात्र साठही मिनिटे एकाच जागी. इतरांची चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्याची चूक झाली की पाठीमागे लाल दिवा लागतो आणि हजारो प्रेक्षक ओरडू लागतात. प्रारंभीच्या काळात तर चकती अडविण्यासाठी बर्फावर पडण्याचीही त्याला मनाई असे. ही मनाई १९१८ साली उठली, आणि तिला क्लिंट बेनेडिक्ट नावाचा गोलरक्षक कारण झाला. तो 'पाय घसरून' इतक्या वेळा पडे की नियमच बदलणे भाग पडले! याच बेनेडिक्टने १९३० साली नाक मोडल्यावर कातड्याचा मुखवटा लावून पाहिला. पण त्याने नजरेला आडकाठी होऊ लागली, म्हणून थोड्याच सामन्यांत त्याने तो टाकून दिला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे मोठ्या सामन्यांत नियमाने मुखवटा लावणारा कोणी निघाला नाही. पायांना जाड गाद्या, छातीला चिलखत, हातांना मोठाले मोजे, आणि चेहरा मात्र उघडा.

याचे कारण बहुधा धैर्य हे सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नव्हे; पण खरे कारण रोजगाराच्या हिशेबात शोधावे लागते. १९४२ पासून १९६७ पर्यंत नॅशनल हॉकी लीगमध्ये अवघे सहा संघ होते : मॉन्ट्रियल, टोरांटो, बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. प्रत्येक संघाचा एकच मुख्य गोलरक्षक. म्हणजे या पेशातील सर्वोच्च जागा जगात सहा, आणि त्यांवर डोळा ठेवून खालच्या लीगांमधून खेळणारे होतकरू कितीतरी. खेळाडूंची संघटना नव्हती. १९५७ साली ती उभारण्याचा प्रयत्न झाला, तो मालकांनी मोडून काढला. संघटना प्रत्यक्षात आली ती १९६७ मध्ये. अशा स्थितीत ज्याच्या ठिकाणी भीती दिसेल त्याची जागा जाणार हे उघड होते, आणि मुखवटा म्हणजे भीतीची जाहीर कबुली असे मालक, मार्गदर्शक, वार्ताहर आणि खुद्द गोलरक्षकही मानीत. डेट्रॉइटच्या टेरी सॉचकच्या चेहऱ्यावर कारकीर्दीत सुमारे चारशे टाके पडले. १९६६ साली 'लाइफ' साप्ताहिकाने रंगभूषाकाराकडून त्या साऱ्या जखमा एकाच वेळी त्याच्या मुखावर रंगवून घेऊन छायाचित्र छापले होते. ग्लेन हॉल हा सलग ५०२ सामने खेळला, आणि सामन्यापूर्वी त्याला ओकारी होत असे ही गोष्ट सर्वश्रुत होती. पण तो रोज ओकून उघड्या तोंडाने जाळ्यापुढे जाऊन उभा राही, आणि त्यातच त्याच्या नोकरीची शाश्वती होती.

हा संकेत ज्याने मोडला त्या जाक प्लांतचा जन्म १७ जानेवारी १९२९ रोजी क्वेबेक प्रांतातील एका शेतघरात झाला. अकरा भावंडांतला तो थोरला. वडील शॉविनिगन फॉल्स या औद्योगिक गावी कारखान्यात नोकरीस होते. मुलाला दम्याचा विकार असल्याने फार वेळ धावाधाव झेपत नसे, म्हणून तो जाळ्यापुढे उभा राहू लागला; गोलरक्षणाकडे तो वळला तो असा नाइलाजाने. पायांच्या पहिल्या गाद्या त्याने बटाट्याची पोती ठासून व त्यांना लाकडी फळ्यांचा आधार देऊन बनविल्या. बारा वर्षांचा असताना शाळेच्या संघाचा गोलरक्षक शिक्षकाशी भांडून निघून गेला; प्लांतने ती जागा मागितली, आणि दुसरा कोणीच नसल्याने ती त्याला मिळाली. संघातील बाकीची मुले त्याच्याहून चांगली मोठी होती.

पुढे एका कारखान्याच्या संघातही तो खेळू लागला. संघातील इतर जण कारखान्याचे नोकर, त्यांना पगार मिळे. पोराला मात्र काहीच नाही. ही विसंगती वडिलांनी दाखवून दिली तेव्हा मुलाने संघाच्या चालकाकडे मोबदला मागितला. दर सामन्याला पन्नास सेंट ठरले. रक्कम क्षुल्लक, पण जाळ्यापुढे उभे राहणाऱ्यावाचून सामना होत नाही आणि त्यामुळे त्याच्या शब्दाला काही किंमत असते, हा धडा त्याला कोवळ्या वयातच मिळाला. पुढच्या साऱ्या चरित्रात हा धडा पुन्हा पुन्हा डोकावतो.

१९४७ साली शालेय शिक्षण उत्तम रीतीने संपवून तो कारखान्यात कारकून झाला. थोड्याच आठवड्यांत क्वेबेक शहराच्या सिटाडेल्स संघाने त्याला आठवड्याला ८५ डॉलर देऊ केले आणि कारकुनी संपली. या संघाचा बचाव फार दुबळा होता. प्लांत पुढे सांगत असे की बचावाच्या गड्यांपैकी एकाला मागे सरकता येत नसे, एकाला डावीकडे वळता येत नसे, आणि उरलेले मंद होते! तेव्हा जाळ्यामागे गेलेली चकती आणण्यास तो स्वतःच जागा सोडून जाऊ लागला. गोलरक्षकाने जागा सोडणे हे त्या काळी वेडेपण समजले जाई. आज प्रत्येक गोलरक्षक तेच करतो.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या प्रख्यात संघात त्याचा प्रवेश १९५२ मध्ये झाला, तोही नेहमीच्या गोलरक्षकाला, जेरी मॅक्नीलला, दुखापत झाल्यामुळे. सहा जागांच्या या पेशात दुसऱ्याची दुखापत हाच एक दरवाजा असे. प्लांत स्वतः विणलेली लोकरीची टोपी घालून खेळे. फावल्या वेळात विणकाम करण्याची त्याला हौस होती आणि तो आपले अंगातले कपडेही विणी. मार्गदर्शक डिक अर्व्हिन यांना गोलरक्षकाच्या डोक्यावरची टोपी सहन होईना. टोपी गेली, प्लांत राहिला. १९५३ च्या अंतिम फेऱ्यांत शिकागोविरुद्ध संघ बाहेर पडण्याच्या बेतात असताना अर्व्हिननी मॅक्नीलला बसवून या नवख्याला उभे केले. त्या सामन्यात त्याने एकही गोल होऊ दिला नाही, आणि त्या वर्षीचा स्टॅन्ली करंडक मॉन्ट्रियलला मिळाला. तरीही पुढील मोसमाचा बराच भाग त्याला बफेलो येथे खालच्या लीगमध्ये काढावा लागला. १९५४-५५ पासून जागा त्याची झाली. १९५६ ते १९६० अशी ओळीने पाच वर्षे मॉन्ट्रियलने स्टॅन्ली करंडक जिंकला, आणि त्या पाचही वर्षी सर्वांत कमी गोल होऊ देणाऱ्या संघाच्या गोलरक्षकास मिळणारा व्हेझिना करंडक प्लांतकडे आला. हा करंडक याच संघाच्या जॉर्ज व्हेझिनाच्या नावाचा; तो १९२५ साली ऐन सामन्यात कोसळला आणि पुढील वर्षी क्षयाने वारला.

दरम्यान प्लांतच्या गालांची हाडे दोनदा मोडली होती, दोन्ही वेळा सरावात, आपल्याच सोबत्यांच्या फटक्यांनी. १९५७ साली नाकाजवळच्या पोकळ्यांची शस्त्रक्रिया होऊन तो तेरा सामन्यांना मुकला. त्यानंतर सरावापुरता तो मुखवटा लावू लागला. बिल बर्चमोर नावाच्या, फायबरग्लासच्या कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थाने चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावर बेतलेला हलका मुखवटा त्याला करून दिला. पण सामन्यात तो लावण्यास नवे मार्गदर्शक टो ब्लेक यांची सक्त मनाई. त्यांचे म्हणणे असे की पायाशी आलेली चकती दिसणार नाही, आणि सुरक्षित झालेला मनुष्य गाफील होतो. ब्लेक हे स्वतः नामांकित खेळाडू होते. त्यांचा आक्षेप केवळ हट्टाचा म्हणता येणार नाही. बेनेडिक्टचा अनुभव त्यांच्या बाजूचा होता.

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती. अँडी बॅथगेटचा फटका सरळ प्लांतच्या तोंडावर बसला आणि ओठापासून नाकपुडीपर्यंत चेहरा फाटला. बर्फावर रक्त सांडले. त्याला आत नेऊन टाके घातले. रिवाज असा की टाके पडताच गोलरक्षकाने परत येऊन उभे राहावे, आणि तोवर प्रेक्षकांनी थांबावे. प्लांतने सांगितले की मुखवट्यावाचून आपण बाहेर येणार नाही.

ब्लेक यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. संघाजवळ दुसरा गोलरक्षक नव्हताच. अडीनडीला उभा करण्यासाठी यजमान क्लबने नेमलेला एक हौशी खेळाडू काय तो उपलब्ध. एका संघास एकच गोलरक्षक या ज्या काटकसरीने इतकी वर्षे गोलरक्षकांना मुकाट ठेवले, तिनेच त्या रात्री मालकपक्षाचे हात बांधले. जखम भरेपर्यंत लाव, या अटीवर ब्लेकनी परवानगी दिली. फिकट, डोळ्यांना दोन भोके असलेला तो मुखवटा घालून प्लांत बाहेर आला तेव्हा प्रेक्षकांना ते दृश्य काहीसे भेसूरच वाटले. मॉन्ट्रियलने सामना ३-१ असा जिंकला.

मग जखम भरली, पण संघ हरेना. ओळीने अठरा सामने अपराजित! जिंकणाऱ्याच्या तोंडावरचा मुखवटा ओढून काढण्याची ब्लेकना सोय राहिली नाही. पुढे ८ मार्च १९६० रोजी त्यांच्या आग्रहावरून प्लांत डेट्रॉइटविरुद्ध उघड्या चेहऱ्याने खेळला, आणि संघ ३-० असा हरला. पुढल्या सामन्यात मुखवटा परत आला तो कायमचा. त्या वर्षी मॉन्ट्रियलने अंतिम फेऱ्यांतील आठही सामने जिंकून करंडक घेतला. भित्रेपणाचा आरोप करणाऱ्यांना प्लांतचा प्रतिप्रश्न असे की, हवाई छत्रीशिवाय विमानातून उडी घेणाऱ्याला शूर म्हणावे काय?

एवढ्याने त्याची जागा मात्र पक्की झाली नाही. १९६२ साली सत्तरही सामने खेळून लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक त्याने मिळविला. हा मान यानंतर गोलरक्षकाच्या वाट्याला आला तो थेट १९९७ मध्ये. आणि १९६३ च्या जूनमध्ये संघाने त्याची न्यूयॉर्कशी अदलाबदल करून टाकली! दमा, ब्लेकशी खटके, ओळीने तीन वर्षे हुकलेला करंडक, अशी कारणे होती. बदल्यात आलेल्यांत गंप वर्स्ली हा गोलरक्षक होता. मुखवट्याला त्याचा इतका विरोध की तो त्याने चढविला १९७४ साली, कारकीर्दीच्या अगदी अखेरच्या सामन्यांत. न्यूयॉर्कचा संघ दुबळा. प्लांतला पुन्हा खालच्या लीगमध्ये, बाल्टिमोरला पाठविण्यात आले, आणि १९६५ साली त्याने खेळ सोडून विक्रेत्याची नोकरी धरली.

तो परतला याचे श्रेय त्याच्या कौशल्याइतकेच जागांच्या संख्येला द्यावे लागेल. १९६५ च्या सुमारास प्रत्येक संघास दोन गोलरक्षक सिद्ध ठेवणे सक्तीचे झाले, आणि १९६७ साली संघ सहाचे बारा झाले. सहा जागांच्या चोवीस झाल्या. सेंट लुईसच्या नव्या संघाने १९६८ मध्ये प्लांतला बोलावले. त्याचा जोडीदार तो ग्लेन हॉल. चाळिशीच्या या दोघांनी १९६९ चा व्हेझिना करंडक वाटून घेतला. प्लांतचा तो सातवा. सेंट लुईसमध्येच हॉलनेही अखेर मुखवटा चढविला. १९७० च्या अंतिम फेरीत बोस्टनविरुद्ध एक चकती प्लांतच्या कपाळावर बसून मुखवटा फुटला व तो बेशुद्ध पडला. मुखवट्यानेच प्राण वाचले असे त्याने शुद्धीवर आल्यावर सांगितले. त्यानंतर टोरांटो, बोस्टन व शेवटी एडमंटन अशी मजल करीत १९७५ मध्ये, वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी, तो खेळातून निवृत्त झाला.

टोरांटोत असताना बर्नी पेरांट हा तरुण गोलरक्षक त्याच्या हाताखाली तयार झाला. १९७४ व १९७५ असे लागोपाठ दोन स्टॅन्ली करंडक फिलाडेल्फियाने जिंकले ते पेरांटच्या बळावर. पुढे प्लांतही त्या संघात गोलरक्षकांचा खास शिक्षक म्हणून काम करू लागला. पेरांटच्या पिढीला मुखवट्यासाठी कोणाशी भांडावे लागले नाही. लीगमध्ये उघड्या चेहऱ्याने खेळणारा अखेरचा गोलरक्षक अँडी ब्राऊन १९७४ साली दिसला. मात्र १९७९ च्या फेब्रुवारीत एका खेळाडूच्या काठीचे टोक पेरांटच्या मुखवट्यातील डोळ्याच्या छिद्रातून आत शिरले, आणि त्या इजेने त्याची कारकीर्द तेथेच संपली. फायबरग्लासच्या कवचापेक्षा डोळ्यांपुढे पोलादी जाळी असलेले शिरस्त्राण पुढील वर्षांत सर्वत्र रूढ झाले. जाक प्लांत २७ फेब्रुवारी १९८६ रोजी जिनीव्हा येथे कर्करोगाने वारला. मॉन्ट्रियलने त्याचा १ हा क्रमांक १९९५ मध्ये कायमचा निवृत्त केला.