गुरुत्वीय लहरींचा शोध

ता. 14 सप्टेंबर 2015 रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें दुपारीं तीन वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, अमेरिकेंतील लुइझियाना राज्यांत लिव्हिंग्स्टन येथें चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांच्या टोकांशीं टांगलेले आरसे किंचित् हालले. सेकंदाच्या हजार भागांपैकीं सात भाग लोटतात न लोटतात तोंच, तीन हजार किलोमीटरांवरील हॅनफर्ड येथील आरशांतहि तीच थरथर उमटली. तिचें मान प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि लहान होतें, आणि सेकंदाच्या पंचमांशांत सारें आटोपलें. सूर्याच्या सुमारें 36 पट व 29 पट वस्तुमानाचीं दोन कृष्णविवरें शंभर कोटि वर्षांहूनहि पूर्वीं एकमेकांभोंवतीं फिरतां फिरतां एकजीव झालीं, त्या घटनेची ती वर्दी होती.

येथें कोणीहि जाणता श्रोता विचारील, कीं इतकी सूक्ष्म थरथर खरी कशावरून? रस्त्यानें जाणारी मालमोटार, समुद्राच्या लाटा, दूरदेशींचा भूकंप यांनीं जमीन याहून कोट्यवधि पटींनीं अधिक हालत असते. गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या एका प्रश्नाचा इतिहास होय.

प्रचंड वस्तुमानें वेगानें फिरूं लागलीं म्हणजे प्रत्यक्ष अवकाशांतच लहरी उठतील, असें भाकीत आइन्स्टाइन यांनीं 1916 सालीं केलें. पण त्यांचें स्वतःचेंच मन त्याविषयीं स्थिर नव्हतें. 1936 सालीं त्यांनीं रोझेन या सहकाऱ्यासह, अशा लहरी असूंच शकत नाहींत असें प्रतिपादणारा निबंध एका अमेरिकन नियतकालिकाकडे धाडला. संपादकांनीं तो एका तज्ज्ञाकडे तपासावयास दिला आणि तज्ज्ञानें त्यांतील दोष दाखविला. आइन्स्टाइन संतापले व त्यांनीं निबंध परत घेतला. पुढें चूक त्यांच्याहि ध्यानांत आली, व 1937 सालीं तो निबंध दुसरीकडे छापला गेला तो निष्कर्ष पालटून. एवढ्या थोर पुरुषाचीहि उत्तरपत्रिका तपासली गेली, हें योग्यच झालें.

आइन्स्टाइन यांना नसत्या शंकेनें घेरलें, तर जोसेफ वेबर यांना नसत्या खात्रीनें. मेरीलंड विद्यापीठांतील या प्राध्यापकांनीं ॲल्युमिनियमचे टनाहून अधिक वजनाचे दंडगोल टांगले. लहर येऊन गेली कीं ते मंदपणें निनादतील, अशी त्यांची कल्पना. 1969 सालीं, मेरीलंड व शिकागोजवळचें अर्गोन या दोन दूरच्या ठिकाणचे दंडगोल एकाच वेळीं निनादतात, अशी घोषणा त्यांनीं केली. जगभर खळबळ उडाली. ठिकठिकाणीं तसेच दंडगोल उभारण्यांत आले. परंतु ते मुकेच राहिले. वेबर यांनीं मात्र आपला दावा अखेरपर्यंत सोडला नाहीं, व 2000 सालीं ते निवर्तले. त्यांचें ऐकणें चुकलें खरें, तथापि अशा लहरी यंत्रानें पकडण्याचा प्रयत्न करावा हें जगाला प्रथम त्यांनींच शिकविलें. त्यांच्याविषयीं उपहासानें बोलणें कृतघ्नपणाचें होईल.

वेबर यांच्या अपयशापासून बोध घेणारे गृहस्थ म्हणजे रेनर वाइस. लेझर-किरणाचे दोन भाग काटकोनांत धाडावे, आरशांवरून परतवून पुनः एकत्र आणावे, आणि एखाद्या भुजेची लांबी केसभरहि बदलली तर प्रकाशाचा बिघडलेला मेळ पाहावा, ही योजना त्यांनीं 1972 सालच्या आपल्या टिपणांत तपशीलवार मांडली. यंत्र कसें चालेल एवढेंच सांगून ते थांबले नाहींत. तें कशाकशानें फसेल याचा हिशेब त्यांनीं आधींच करून ठेवला. पुढें किप थॉर्न व रोनाल्ड ड्रेव्हर हे त्यांस मिळाले. 1999 सालीं दोन्ही वेधशाळांचें उद्घाटन झालें. 2002 पासून 2010 पर्यंत त्यांनीं कान लावला. ऐकूं कांहींच आलें नाहीं.

मध्यंतरीं पुण्यांत एक निराळेंच काम चाललें होतें. जत्रेच्या गोंगाटांत आईला आपल्या मुलाची हाक ओळखूं येते, कारण तो आवाज तिच्या कानांत आधींच बसलेला असतो. आयुका या संस्थेंतील संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी सत्यप्रकाश यांनीं 1991 सालीं नेमका हाच मार्ग गणितानें आंखला. एकजीव होऊं पाहणाऱ्या जोडताऱ्यांची लहर कशी असेल याचे असंख्य नमुने आधीं तयार ठेवावे, आणि यंत्रांतील गोंगाट एकेका नमुन्याशीं ताडून पाहावा, अशी ती पद्धति. त्या काळीं लहर मिळण्याची चिन्हें दिसत नव्हतीं, आणि तें काम पुष्कळांना रिकामपणचा उद्योग वाटलें असल्यास नवल नाहीं.

सप्टेंबर 2010 मध्यें एक खूण उमटली. शेंकडों शास्त्रज्ञांनीं कित्येक महिने तिची छाननी केली. निबंधहि लिहून तयार झाला. मार्च 2011 मध्यें गुपित उघडण्यांत आलें. ती खूण परीक्षेसाठीं आपल्यापैकींच कांहींजणांनीं मुद्दाम यंत्रांत घुसविली होती! यामुळें 2015 सालीं खरी वर्दी आली तेव्हां पहिली चौकशी झाली ती हीच, कीं ही पुनः परीक्षा तर नव्हे? तसें नव्हतें. नमुन्यांवांचून चालणाऱ्या एका गणनपद्धतीनें ती प्रथम हेरली होती. पण नमुन्यांशीं ताडून पाहिल्यावर ती दोन लाख वर्षांत एकदांहि योगायोगानें घडणार नाहीं असा हिशेब निघाला. पांच महिने तपासून 11 फेब्रुवारी 2016 रोजीं शोध जाहीर झाला. 2017 सालचें नोबेल पारितोषिक वाइस, थॉर्न व बॅरी बॅरिश यांना मिळालें. ड्रेव्हर त्याच वर्षींच्या मार्चमध्यें वारले होते.

दोन कानांनीं आवाज ऐकूं येतो, पण आकाशांतील नेमकी दिशा कळावयास दूरदूरचीं आणखी यंत्रें लागतात. इटलींतील यंत्र ऑगस्ट 2017 मध्यें जोडलें गेल्यावर याची प्रचीति लगेच आली. भारतांतहि असें यंत्र व्हावें म्हणून हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथजवळची जागा निवडण्यांत आली. शोध जाहीर झाल्यावर सहाच दिवसांनीं तत्त्वतः मान्यता मिळाली. 2,600 कोटि रुपयांची पूर्ण मंजुरी मात्र एप्रिल 2023 मध्यें मिळाली. लहरी प्रकाशाच्या वेगानें धांवतात, कागदपत्रें आपल्या वेगानें.

कृष्णविवराला धक्का बसला तर तें घंटेसारखें ठराविक स्वरांत घुमून निमतें, असें सी. व्ही. विश्वेश्वर यांनीं 1970 सालीं गणितानें दाखविलें होतें. 2015 च्या नोंदींतील अखेरचा क्षीण निनाद त्यांच्या हयातींत जगाला ऐकूं आला. जानेवारी 2017 मध्यें ते दिवंगत झाले. 14 जानेवारी 2025 रोजीं, ऐन संक्रांतीच्या दिवशीं, तशीच पण कितीतरी अधिक स्पष्ट लहर आली. तिच्या निनादांत दोन स्वर वेगवेगळे ओळखतां आले, आणि ते दोन्ही गणिताबरहुकूम निघाले.