वाळूचा झोत आणि पोलादाचे संरक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

आधुनिक औद्योगिक जगाची उभारणी लोखंड आणि पोलाद यांवर झाली. पूल, जहाजे, तेलाच्या टाक्या, यंत्रे या सर्वांचा समान शत्रू म्हणजे गंज होय. गंज रोखण्यासाठी धातूवर रंगाचा थर देण्याची पद्धत जुनी आहे. परंतु त्या थराचे आयुष्य रंगाच्या प्रतीइतकेच त्याखालील पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. ही स्वच्छता साधणारे सर्वांत प्रभावी तंत्र म्हणून ‘सँडब्लास्टिंग’ अर्थात वाळूच्या झोताचे तंत्र विसाव्या शतकात रूढ झाले. या तंत्राने पोलादाचे आयुष्य वाढविले. मात्र झोत मारणाऱ्या कामगाराच्या आयुष्याचे काय झाले, हा प्रश्नही त्याच इतिहासाचा भाग आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा एकत्रित विचार केला आहे.

तंत्राचा उगम :

या तंत्राचे जनक बेंजामिन च्यू टिल्घमन (१८२१-१९०१) हे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे रहिवासी. रसायनशास्त्राचे अभ्यासक असलेल्या टिल्घमन यांनी अमेरिकन यादवी युद्धात सेनाधिकारी म्हणूनही काम केले होते. ऑक्टोबर १८७० मध्ये त्यांना या शोधाचे अमेरिकन पेटंट मिळाले. वाफ, हवा किंवा पाणी यांच्या जोराने वाळूचे कण वेगाने आदळवून दगड, काच, धातू इत्यादी कठीण पदार्थ कापणे व कोरणे हा त्याचा मूळ हेतू होता. गंजापासून संरक्षण हा विचार त्यात प्रमुख नव्हता. दाबाखालील हवा पुरविणारे कॉम्प्रेसर सुलभ झाल्यावर हे तंत्र ओतशाळेत ओतीव वस्तू साफ करण्यासाठी आणि पुढे पोलादी बांधकामासाठी वापरले जाऊ लागले. विशेष म्हणजे वाळूऐवजी कठीण केलेल्या लोखंडी छऱ्यांचा पर्यायही टिल्घमन यांनी एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच पुढे आणला होता. म्हणजे पर्यायाचा अभाव हे वाळूच्या दीर्घकालीन वापराचे कारण नव्हते. वाळू स्वस्त होती आणि कोठेही मिळत होती, हेच खरे कारण होय.

पृष्ठभागाचे मानक :

पोलाद तापवून लाटताना त्यावर निळसर-काळ्या ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. तो दिसायला घट्ट असला तरी त्याला तडे जातात. विद्युत-रासायनिकदृष्ट्या हा पापुद्रा ऋणाग्राप्रमाणे वागत असल्याने तड्यात उघडे पडलेले पोलाद अधिक वेगाने गंजते आणि वरचा रंग पापुद्र्यासह निघून जातो. तारेच्या ब्रशने हा थर पूर्णपणे निघत नाही. झोताने मात्र तो निघतोच. शिवाय पृष्ठभागावर सूक्ष्म खडबडीतपणा येऊन रंगाला पकड मिळते.

ही स्वच्छता किती असावी, याचे नेमके मोजमापही विकसित झाले. स्वीडनने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकात गंजाच्या चार अवस्था आणि स्वच्छतेच्या श्रेणी छायाचित्रांसह दिल्या होत्या. त्यातील ‘एसए अडीच’ ही श्रेणी जगभरच्या निविदांत आणि करारांत रूढ झाली. १९८८ मध्ये या श्रेणींना आयएसओ ८५०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले.

कामगाराच्या फुप्फुसाची किंमत :

आदळताच वाळूचा कण फुटतो आणि स्फटिकी सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ हवेत पसरते. ती फुप्फुसाच्या खोल भागात साचून सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो. ब्रिटनमधील कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक ई. आर. ए. मेरवेदर यांच्या १९३६ च्या अभ्यासात ४४१ वाळूझोत कामगारांपैकी २४ जण साडेतीन वर्षांच्या काळात सिलिकोसिसने किंवा क्षयासह सिलिकोसिसने मरण पावल्याची नोंद आहे. ब्रिटनने १९४९ मध्ये नियम करून झोतकामात वाळूच्या वापरावर बंदी घातली आणि १९५० पासून बहुतेक झोतकामांतून वाळू हद्दपार झाली.

अमेरिकेत चित्र वेगळे राहिले. १९७० च्या दशकात लुइझियाना राज्यातील जहाजबांधणी व पोलादकामाच्या आवारांतील कामगारांमध्ये सिलिकोसिस आढळला. समुद्राच्या खाऱ्या हवेपासून पोलाद वाचविण्यासाठी हे कामगार वाळूचा झोत मारीत होते. झोत मारणाऱ्याला निदान हवेची टोपी मिळे. त्याच्या मदतनीसाला पुष्कळदा तेवढेही संरक्षण नसे. १९७४ मध्ये तेथील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने वाळूबंदीची शिफारस केली. पण ती कायद्यात उतरली नाही. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने व्यवसायात श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला कर्करोगकारक ठरविले. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमाने हवेतील सिलिकेची मर्यादा दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली, तरी वाळूवर सरसकट बंदी घातली नाही.

भारतीय संदर्भ :

भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सिलिकोसिसचा समावेश सूचनीय रोगांच्या यादीत केला. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये वाळू, छरे इत्यादींच्या झोताने वस्तू साफ करण्याचे काम धोकादायक प्रक्रियांच्या अनुसूचीत घेण्यात आले. तथापि या नियमांचे क्षेत्र मुळात कारखाना हे होते. पूल, टाकी किंवा जलवाहिनी यांवर कंत्राटदाराकडून होणारे झोतकाम त्या चौकटीत सहज बसत नसे, ही त्यांची मर्यादा होती.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पोलादाच्या स्वच्छतेचे मानक अल्पावधीत जागतिक झाले. वाळूबंदी मात्र त्या त्या देशाच्या मर्जीवर राहिली. वास्तविक पोलादाचा छरा, गार्नेट, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड यांसारखे पर्याय उपलब्ध आहेत. १८९० मध्ये खुल्या झालेल्या स्कॉटलंडमधील फोर्थ पुलाचे २००२ ते २०११ या काळातील नूतनीकरण या दृष्टीने बोधप्रद ठरते. तेथे जुने रंग झोताने पोलादापर्यंत काढण्यात आले, काम बंदिस्त आच्छादनाच्या आत करण्यात आले आणि सुमारे २,३०,००० चौरस मीटर पृष्ठभागावर दीर्घायुषी रंग देण्यात आला. धूळ आवरून काम करणे मोठ्या रचनेतही अशक्य नाही, हे यावरून स्पष्ट होते. निविदेत पृष्ठभागाची श्रेणी जितक्या काटेकोरपणे लिहिली जाते, तितक्याच काटेकोरपणे झोताचे द्रव्य आणि कामगाराच्या श्वासातील हवा यांचीही अट लिहिली जाणे आवश्यक आहे. तसे झाल्यासच या तंत्राला खऱ्या अर्थाने संरक्षणाचे तंत्र म्हणता येईल.